अमेरिकेत शेत घेतलंय? खांब ठोकण्याआधी काउंटीच्या ऑफिसात जा

मार्चमध्ये आम्ही ओढ्याच्या कडेने कुंपण घातलं. दोन शनिवार-रविवार मोडले. मी, नवरा आणि खांब ठोकायचं भाड्याचं यंत्र. रविवारी रात्री जतला व्हिडिओ कॉल लावून आप्पांना कुंपण दाखवलं. ते बघून आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्वसंमती मिळाली होती का?"

महाडीबीटीवर पॉवर टिलरसाठी अर्ज केला तेव्हा त्यांना हे नीट कळलेलं होतं: पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आत दुकानातून यंत्र उचललं की अनुदान गेलं. मी म्हणाले, "इथल्या सरकारी मदतीसाठी अर्ज दिलाय आप्पा, होईल." झालं नाही. करारावर सह्या होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत, हा नियम इथेही आहे, आणि मी सही केलेल्या अर्जातच तो छापलेला होता. कुंपणाची ओळ आमच्या अर्जातून वगळली गेली.

अमेरिकेत पाच-पन्नास एकर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी लोकांसाठी, इथल्या सरकारी शेती योजनांबद्दल हे लिहिते आहे. आमचं शेत मिझुरीत आहे, म्हणून उदाहरणं तिथली. केंद्राच्या योजना सगळ्या राज्यांत जवळपास सारख्या असतात, राज्याच्या मात्र प्रत्येकाच्या निराळ्या.

आधी व्हिसाचा प्रश्न

आपल्यातले बरेच जण एच-वन-बीवर असताना जमीन घेतात, म्हणून हे सगळ्यात वर. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाने शेतजमीन घेतली, तर १९७८ च्या एका कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत फार्म सर्व्हिस एजन्सी या केंद्राच्या शेतीखात्याच्या शाखेला तसं कळवावं लागतं. फॉर्मचं नाव एफएसए-१५३. एकूण जमीन दहा एकरांच्या आत आणि शेतमालाची वर्षाची विक्री हजार डॉलरच्या आत असेल तर सूट आहे. कळवलं नाही तर जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जमीन विकणारा हे सांगत नाही, एजंटालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. शिवाय काही राज्यांचे स्वतःचे निर्बंध आहेत, मिझुरीचेही आहेत. खरेदीआधी स्थानिक वकिलाला तासाभराची फी द्या. तिथे कंजूषी नको.

ग्रीन कार्ड असेल तर या कायद्यात तुम्ही परदेशी धरले जात नाही आणि सरकारी शेतीकर्जासाठीही अर्ज करता येतो. ते नसेल तर कर्ज नाही, आणि बाकीच्या रकमांसाठी अटी फार कडक होतात. ऑफिसात पहिल्याच भेटीत आपली स्थिती स्पष्ट सांगा.

दुसरी चौकशी उत्पन्नाची. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न (कराच्या कागदांवरचं 'अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम') माणशी नऊ लाख डॉलरच्या वर असेल तर बहुतेक योजना बंद. आपल्यापैकी क्वचितच कोणी त्यात अडकेल, पण तसं लिहून द्यावं लागतं आणि आयकर खात्याकडून पडताळणी होते.

एका इमारतीत तीन टेबलं

काउंटीच्या ठिकाणी, बहुधा गावाबाहेरच्या हमरस्त्यावर, एक बसकी इमारत असते. पाटीवर यूएसडीए सर्व्हिस सेंटर. यूएसडीए म्हणजे केंद्राचं शेतीखातं. फार्मर्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर राज्य आणि काउंटी निवडली की पत्ता आणि फोन मिळतो. लहान काउंट्यांचं ऑफिस कधी शेजारच्या काउंटीत असतं. फोन करून वेळ घेऊनच जा. ऑफिसात माणसं कमी असतात आणि निम्मा दिवस ती शेतांवर असतात.

आत गेल्यावर नवख्याचा गोंधळ होतो, कारण एकाच दारामागे तीन वेगळी खाती बसलेली असतात. फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए: नोंदी, कर्ज, नुकसानभरपाई. नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस, म्हणजे एनआरसीएस: माती, पाणी, कुरणं, झाडी, आणि त्यासाठीचे पैसे. तिसरं सॉइल अँड वॉटर कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्ट. हे केंद्राचं नाही, स्थानिक आहे, आणि त्याचं मंडळ जमीनधारकांतून निवडून येतं. आपल्याकडे तलाठी, तालुका कृषी अधिकारी आणि जलसंधारण विभाग एकाच खोलीत बसवले तर जसं होईल, साधारण तसं. एका टेबलावर "आमच्याकडे नाही" असं ऐकलं म्हणून घरी परतू नका, शेजारच्या टेबलावर विचारा.

माती वाचवायला सरकारने पैसे का द्यावेत, याचं उत्तर १९३० च्या दशकात आहे. तेव्हा मैदानी राज्यांतली नांगरलेली माती वाऱ्याने उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भरदिवसा अंधार झाला. ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं धूप थांबवा म्हणून ओरडत होता. त्याच महिन्यात काँग्रेसने मृदसंधारणाचा कायदा केला आणि नवं खातं त्याच्या हाती दिलं. आजचं एनआरसीएस हे तेच खातं, १९९४ साली नाव बदललेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे बांध ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शेताला नंबर घ्या

पहिलं काम एफएसएच्या टेबलावर. खरेदीखताची प्रत, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, कंपनीच्या नावावर जमीन असेल तर कंपनीचे कागद आणि तिचा कर क्रमांक, बँकेचा तपशील, हे सगळं बरोबर न्या. जमीन खंडाने घेतली असेल तर लेखी करार लागतो, आणि तो निदान योजनेच्या मुदतीइतका तरी असावा. तोंडी खंडावर काम अडतं. कायमचं बांधकाम असेल तर मालकाची लेखी परवानगीही लागते.

तिथे तुमच्या जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर मिळतो. बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या नावाने तो असतोच, फक्त तुमच्या नावावर करायचा. सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखंच समजा. हा नंबर नसेल तर पुढचा एकही अर्ज सरकत नाही, आणि शेवटच्या तारखेच्या आठवड्यात हे काम होत नाही. निघताना तुमच्या शेताचा हवाई नकाशा छापून मागा. वावरांच्या कडा, प्रत्येकाचं क्षेत्र, आणि कुठली जमीन धुपीला फार लवकर बळी पडणारी म्हणून नोंदली आहे, हे सगळं त्या एका कागदावर असतं. आमचा नकाशा अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

फॉर्मचा गठ्ठा तिथलीच माणसं भरून घेतात. त्यातला एडी-१०२६ मात्र नीट वाचून सही करा. धुपणारी जमीन संधारणाच्या आराखड्याशिवाय नांगरणार नाही आणि पाणथळ जागा पिकासाठी कोरडी करणार नाही, असं वचन तुम्ही त्यावर देता. म्हणून कोपऱ्यातलं दलदलीचं डबकं चर खणून काढायचं मनात असेल, किंवा झाडी काढून वावर करायचं असेल, तर बुलडोझर सांगण्याआधी विचारा. पाणथळ मोडली तर पुढच्या सगळ्या योजना हातच्या जातात.

यादी नेऊ नका, दुखणं न्या

एनआरसीएसच्या टेबलावर मी पहिल्यांदा गेले ती यादी घेऊन: कुंपण, पाण्याची टाकी, पॉलिहाऊस. समोरच्या बाईंनी यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "तुमच्या जमिनीला त्रास काय होतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या एका प्रश्नावर इथली सगळी व्यवस्था उभी आहे. टाकी हवी म्हणून टाकी मिळत नाही. गुरं ओढ्यात उतरतात, काठ ढासळतात, पाणी गढूळ होतं, हे दुखणं. कुंपण, पाइप आणि टाकी हा त्यावरचा उपाय. पैसे दुखण्यावर मिळतात, आणि ते जितकं मोठं आणि उपाय जितका नेमका, तितके गुण जास्त. म्हणून ऑफिसात जाण्याआधी एखाद्या जोरदार पावसानंतर शेतभर फिरा. पाणी कुठून वाहतं, घळ कुठे पडते आहे, गवत कुठे मुळापर्यंत खाल्लं गेलंय, चिखल कुठे सुकत नाही, हे सगळं मोबाइलवर टिपा, तारखेसकट. वेब सॉइल सर्व्हे या सरकारी संकेतस्थळावर आपल्या शेताभोवती रेघ ओढली की मातीचा प्रकार, उतार, निचरा फुकट कळतो.

मग त्यांना शेतावर बोलवा. ही भेट फुकट असते, आणि मला विचाराल तर सगळ्या योजनांत हीच सर्वांत मोलाची. त्या बाई आल्या त्या फावडं आणि पाण्याच्या दोन बरण्या घेऊन. एक ढेकूळ जुन्या कुंपणाच्या बुडातून काढलं, जिथे कधी नांगर लागला नव्हता. दुसरं आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या पट्ट्यातून. दोन्ही बरण्यांत तारेच्या जाळीवर ठेवली. कुंपणाखालचं ढेकूळ तसंच बसून राहिलं, पाणी स्वच्छ. सोयाबीनच्या पट्ट्यातलं मिनिटभरात विरघळून खाली बसलं आणि पाणी चहासारखं झालं. "पावसात तुमच्या शेताचं हेच होतं," त्या म्हणाल्या. तोवर आम्ही त्या पट्ट्याला शेतातला सगळ्यात चांगला तुकडा समजत होतो.

या भेटीतून संधारण आराखडा तयार होतो. पैसे मिळोत न मिळोत, तो तुमचा. आमच्या आराखड्यात त्या पट्ट्यावर आच्छादन पिकं आली, ओढ्याला कुंपण आलं, आणि कुरणाचे लहान भाग पाडून गुरं फिरवायची असं ठरलं. पॉलिहाऊस दुसऱ्या वर्षावर गेलं.

कुठली योजना कुणासाठी

नव्या माणसाने आधी ईक्विपकडे बघावं. एकेका कामाला पैसे देणारी ही योजना: कुंपण, पाण्याची सोय, आच्छादन पिकं, गवताचा जलमार्ग, आणि हाय टनेल, म्हणजे प्लास्टिकचं साधं पॉलिहाऊस. मेथी, कारली, दुधी लावायची म्हणून आपल्या लोकांचा जीव यात अडकतो. मिळतं, पण पीक जमिनीतच घ्यावं लागतं, कुंड्या आणि टेबलं चालत नाहीत.

सर्वसाधारणपणे अंदाजी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. शेती सुरू करून दहा वर्षं झाली नसतील तर तुम्ही 'बिगिनिंग फार्मर' ठरता, दर ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि निम्मी रक्कम आगाऊही मागता येते. ती ९० दिवसांत खर्च करावी लागते. अर्जावर त्या चौकटीत खूण करायला विसरू नका. खूण नसेल तर कोणी आपणहून लावत नाही. माजी सैनिकांना आणि अल्प उत्पन्नाच्या शेतकऱ्यांनाही हीच सवलत आहे.

सीएसपी पाच वर्षांची आणि अख्ख्या शेतासाठी असते. आधीपासून काही चांगलं करत आहात आणि आणखी करायला तयार आहात, अशांना ती वर्षाला रक्कम देते. पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नका, आधी शेत हातात येऊ द्या.

सीआरपी मात्र एफएसएकडे. धुपणारी पिकाची जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली किंवा झाडांखाली ठेवायची आणि सरकारकडून वर्षाचं भाडं घ्यायचं. शहरात राहून जमीन सांभाळणाऱ्यांना ही फार सोयीची वाटते, पण त्यासाठी त्या जमिनीवर पूर्वी पीक घेतल्याची नोंद लागते, आणि मध्येच मोडली तर घेतलेलं सगळं व्याजासकट परत. तिचाच एक प्रकार कुरणांसाठी आहे, त्यात चराई चालू ठेवता येते.

अर्ज, रांग, करार

ईक्विपचा अर्ज वर्षभरात कधीही देता येतो, पण निवड टप्प्याटप्प्याने होते. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि प्रत्येक राज्य आपली शेवटची तारीख जाहीर करतं; ती बऱ्याचदा थंडीत पडते. म्हणून उन्हाळ्यातच पहिला फोन करा. सोडत नसते. गुण देऊन क्रमवारी लावतात आणि पैसे पुरतील तिथपर्यंत नावं घेतात. नंबर लागला नाही तर अर्ज पुढच्या फेरीत ठेवा असं सांगा आणि गुण कुठे कमी पडले ते विचारा. आम्हाला सांगितलं गेलं की एकट्या कुंपणापेक्षा कुंपण, टाकी आणि फिरती चराई एकत्र मांडली तर वजन वाढतं. दुसऱ्या वर्षी तसंच मांडलं आणि नाव आलं.

नाव आल्याचा फोन म्हणजे करार नव्हे. करारावर तुमची सही, त्यांची सही, आणि मगच पहिला खांब. फारच निकड असेल तर आधी सुरू करायची लेखी परवानगी मागता येते. कुणी तोंडी 'हो, करा' म्हटलं तरी थांबा.

पैशाबद्दल एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. तुमच्या बिलाच्या टक्केवारीने रक्कम मिळत नाही. कुंपणाला फुटामागे, टाकीला नगामागे, आच्छादन पिकाला एकरामागे राज्याने ठरवलेला दर असतो. तुम्हाला काम स्वस्तात जमलं तर तुमचा फायदा. त्या वर्षी लोखंड महागलं तर वरचा भार तुमचा. करार करण्याआधी दोन ठेकेदारांकडून भाव घ्या आणि दराशी ताडून बघा.

काम त्यांच्या मापाप्रमाणेच व्हायला हवं: तारेचा गेज, खांबांतलं अंतर, बियाण्याचं एकरी प्रमाण, सगळं कागदावर दिलेलं असतं. आच्छादन पिकाच्या बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी फाडून फाइलला लावा, ती मागतात. काम झालं की ते येऊन मोजतात आणि त्यानंतर रक्कम खात्यात येते. तोवर खर्च तुमच्या खिशातून, हे घरखर्चाच्या हिशोबात धरा. कुंपणासारख्या कामाची पुढची वीस वर्षं निगा राखायची जबाबदारीही तुमची. मध्येच शेत विकायचं झालं तर घेणाऱ्याने करार पुढे चालवायला हवा, नाहीतर पैसे परत करावे लागतात. मिळालेल्या रकमेचा करासाठीचा फॉर्म, १०९९-जी, जानेवारीच्या सुमाराला टपालाने येतो, तो तुमचं कर विवरणपत्र भरून देणाऱ्याला द्या.

राज्याचे पैसे, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही

मिझुरीत दुकानात काहीही घेतलं की किमतीच्या एक दशांश टक्का इतका विक्रीकर उद्यानं, माती आणि पाण्यासाठी जातो. १९८४ साली लोकांनी मतदान करून हा कर स्वतःवर लावून घेतला आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा मतदानाने चालू ठेवला. त्यातला निम्मा वाटा मृद-जल संधारणाला मिळतो आणि ११४ काउंट्यांच्या ११४ डिस्ट्रिक्टांमार्फत शेतकऱ्यांपर्यंत पोचतो. साधारण ७५ टक्के मदत, अर्ज छोटा, निर्णय स्थानिक मंडळाचा. लहान शेताला मला केंद्राच्या योजनेपेक्षा हा दरवाजा अधिक मोकळा वाटला. हीच डिस्ट्रिक्टं पेरणीयंत्र भाड्यानेही देतात.

चराईच्या कामांना पैसे हवे असतील तर आधी ग्रेझिंग स्कूल करावं लागतं. दोन-तीन दिवसांचं असतं, निम्मा वेळ वर्गात, निम्मा कुरणावर. गुडघ्यांवर बसून गवताची उंची मोजायची, गुरांना किती दिवस पुरेल ते सांगायचं. आमच्या तुकडीत मी एकटी भारतीय होते. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गुराख्याने मला टॉल फेस्क्यू आणि ऑर्चर्ड ग्रासमधला फरक पात्याच्या कडेवरून बोट फिरवून शिकवला. फेस्क्यूची कड बोटाला खरखरते.

दुसऱ्या राज्यात असाल तर आपल्या डिस्ट्रिक्टला एवढंच विचारा: राज्याची खर्चवाटणीची योजना आहे का, आणि तिचं वर्ष कधी सुरू होतं?

आणखी थोडं

माती परीक्षण विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसातून करून घ्या, थोडक्या पैशांत होतं. मिझुरीत जेफरसन सिटीच्या लिंकन युनिव्हर्सिटीची माणसं खास लहान शेतकऱ्यांसाठी काम करतात. रानटी पक्षी, देशी गवतं, झाडी यांसाठी मिझुरीच्या कॉन्झर्वेशन डिपार्टमेंटचे खाजगी जमिनींवर सल्ला देणारे अधिकारी असतात. एफएसएचं सूक्ष्म कर्ज ५० हजार डॉलरपर्यंत मिळतं. भाजीपाल्याचा पीकविमा सहज मिळत नसेल तर एफएसएकडे 'नॅप' ही विम्याऐवजी संरक्षण देणारी योजना विचारा. नव्या शेतकऱ्याला मूळ संरक्षणाची फी माफ असते, पण पिकानुसार ठरलेल्या तारखेआधीच नाव द्यावं लागतं. दरवर्षी कुठे काय पेरलं ते एफएसएला कळवा. आमच्याकडे उन्हाळी पिकांची मुदत १५ जुलै. दुष्काळ किंवा पूर आल्यावर मदत मागायची तर आधीची ही नोंद लागते.

योजनांच्या अर्जाला फी नसते. "तुमच्या शेतासाठी सरकारी ग्रँट मंजूर झाली आहे, प्रोसेसिंगचे पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

अर्ज लेखी नाकारला गेला तर त्या पत्रातच अपील कुठे करायचं ते छापलेलं असतं, आणि मुदत असते ३० दिवसांची. पत्र आलं त्या दिवशीची तारीख पाकिटावर लिहा.

आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला टपालात एक मतपत्रिका येईल. एफएसएची काउंटी कमिटी शेतकऱ्यांमधून, शेतकऱ्यांच्या मतांनी, तीन वर्षांसाठी निवडली जाते, आणि एफएसएच्या योजना तुमच्या काउंटीत कशा चालवायच्या याचे बरेच निर्णय तिच्या हातात असतात. फार्म नंबरवर तुमचं नाव लागलं आणि तुम्ही एखाद्या योजनेत आलात की ते मत तुमचंही. पहिल्या वर्षी ते पाकीट मी जाहिरात समजून टाकून दिलं होतं. आता भरून, सही करून, डिसेंबर लागायच्या आत टाकते.